तुम्ही विचारलंत म्हणून : यातला कॉम्प्युटर कुठला?

जुन्या मशीन रूमचा एक कृष्णधवल फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. येणारा जो तो वाकून बघतो आणि हेच विचारतो, "यातला कॉम्प्युटर कुठला?" उत्तराची वाट न बघता बोट जातं ते माहिती साठवायच्या चुंबकीय टेपच्या कपाटांवर. माणसाएवढी उंच, ओळीने उभी, काचेआड मोठाली रिळं. सिनेमात कॉम्प्युटर दाखवायचा म्हणजे हीच रिळं गरगरताना दाखवायची, अशी रीतच होती. तेव्हा बोट तिकडे गेलं तर नवल नाही.

खरा कॉम्प्युटर फोटोच्या डाव्या कडेला अर्धा कापला गेलाय. फोटोग्राफरला तो घ्यावासा वाटला नसावा. दिव्यांची एक पट्टी सोडली तर नुसतं पत्र्याचं कपाट. 'मेन फ्रेम' हे नाव मुळात त्या कपाटाचं. सुरुवातीची मशीनं पाच-सात सांगाड्यांत विभागून बसवलेली असत. आकडेमोड करणारा भाग ज्या मुख्य सांगाड्यात, तो मेन फ्रेम. पुढे एका कपाटाचं नाव अशा खोलीभर कॉम्प्युटरांच्या अख्ख्या जातीला चिकटलं, मेनफ्रेम. बाकी सगळ्याला आम्ही 'पेरिफेरल' म्हणायचो, म्हणजे कडेकडेचं सामान. पण खोलीतली जागा आणि आम्हा रात्रपाळीच्या ऑपरेटरांची झोप खाल्ली, कानांची वाट लावली, ती या कडेकडेच्या सामानानेच.

म्हणून मेनफ्रेमचा इतिहास कुणी प्रोसेसरपासून सांगायला लागलं की मला राहवत नाही. त्या बाजूने तो नीट कळतच नाही. एक साधा हिशोब बघा. आयबीएमचं ७०९० हे ट्रान्झिस्टरवर चालणारं मशीन १९५९च्या अखेरीला बाहेर पडलं. सेकंदाला २ लाख २९ हजार बेरजा. भाडं महिना ६३,५०० डॉलर. प्रोग्रॅम आणि आकडे तेव्हा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असत. मशीनला जोडलेला कार्ड रीडर मिनिटाला २५० कार्डं वाचायचा, म्हणजे एका कार्डाला जवळजवळ पाव सेकंद. तेवढ्या वेळात या मशीनच्या ५० हजारांवर बेरजा झाल्या असत्या. इतकं महागडं मशीन हातावर हात ठेवून पुठ्ठ्याच्या तुकड्याची वाट बघणार, हे कुठल्या हिशेबनिसाला परवडेल?

यावर लोकांनी काढलेला तोडगा मला अजून गमतीचा वाटतो. मोठ्या कॉम्प्युटरची वरकामं करायला दुसरा कॉम्प्युटर ठेवायचा. १९५९ सालचाच आयबीएमचा १४०१ हा छोटा कॉम्प्युटर भाड्याने महिना २,५०० डॉलरपासून मिळायचा. तो कार्डं वाचून टेपवर उतरवायचा. ऑपरेटर ती टेप काढून ७०९०वर चढवायचा. ७०९० आपलं उत्तर दुसऱ्या टेपवर लिहायचा, ती टेप परत १४०१वर यायची आणि मग छापली जायची. दोन मशीनांमधली केबल म्हणजे टेप हातात घेऊन चालणारा माणूस! असे १४०१ दहा हजारांच्या वर बनवले गेले. बहुतेक ठिकाणी ते स्वतंत्र मशीन म्हणूनच राबले, पण मोठ्यांच्या घरी वरकाम्या म्हणून राहिलेलेही पुष्कळ होते.

दुसरा तोडगा जास्त टिकला. त्याचं नाव चॅनेल. ७०९०चा मोठा भाऊ, व्हॅक्यूम ट्यूबवाला ७०९, १९५८च्या सुमारास आला, तेव्हापासून हा प्रकार आयबीएमच्या मशीनांत आहे. चॅनेल म्हणजे एक छोटा, मर्यादित अकलेचा प्रोसेसरच. मुख्य प्रोसेसरने फक्त सांगायचं, 'अमक्या टेपवरून इतकं उचल, मेमरीत तमक्या जागी ठेव, झालं की सांग', आणि आपल्या कामाला लागायचं. हमालीची जबाबदारी चॅनेलची. मेनफ्रेम म्हणजे 'खूप वेगवान कॉम्प्युटर' असं जे समजतात, त्यांना मी हे सांगतो. निव्वळ वेगात त्याला मागे टाकणारी मशीनं त्याच्या काळातही होती. एकाच वेळी शेकडो ठिकाणांहून माल आत घेणं, बाहेर सोडणं आणि त्यात एकही आकडा न सांडणं, ही त्याची खासियत.

७ एप्रिल १९६४ला आयबीएमची सिस्टिम/३६० ही लहानमोठ्या कॉम्प्युटरांची मालिका जाहीर झाली. ती घडवणाऱ्यांत जीन अ‍ॅमडाल आणि फ्रेड ब्रुक्स यांची नावं घेतली जातात. लहान मशीनसाठी लिहिलेला प्रोग्रॅम मोठ्यावरही चालेल, हे तिचं वैशिष्ट्य सगळे सांगतात. मला तितकंच मोठं वाटतं ते दुसरं, की उपकरणं जोडायची पद्धतही एकच ठरली. लहान मॉडेलवरचा प्रिंटर मोठ्यावर चालणार. त्याचा उलटा परिणाम असा झाला, की दुसऱ्या कंपन्याही आयबीएमच्या खोबणीत बसतील अशी टेप आणि डिस्कची कपाटं बनवून स्वस्तात विकू लागल्या. १९७५ला तर खुद्द अ‍ॅमडालनीच स्वतःच्या कंपनीचा प्रोसेसर बाजारात आणला. म्हणजे कडेचं सामान तसंच ठेवून मधला कॉम्प्युटरच बदला!

ही जोडणी जमिनीखाली असायची. आमच्या खोलीची फरशी खऱ्या जमिनीपासून हात-दीड हात उंचावर, चौकोनी तुकड्यांची. एखादा तुकडा उचलायला काच वाहून नेणारे वापरतात तसला रबरी कपांचा हँडल असायचा. तो दाबून तुकडा वर ओढला की खालून थंड हवेचा झोत तोंडावर यायचा आणि राखाडी केबलींचं वेटोळं दिसायचं. केबली मनगटाएवढ्या जाड, दोनदोनच्या जोडीने. एक 'बस', एक 'टॅग'. बसमधून माहिती जायची, टॅगमधून 'घे', 'घेतलं', 'थांब' अशा खाणाखुणा. एका उपकरणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी माळ आणि शेवटच्याच्या पाठीत टर्मिनेटर. एकूण लांबी साधारण २०० फुटांच्या आत. मशीन रूम केवढी असावी हे वास्तुरचनाकाराच्या आधी या केबलीने ठरवून टाकलेलं असे. १९९०मध्ये ऑप्टिकल फायबरची केबल आली तेव्हा कुठे कपाटं एकमेकांपासून लांब जाऊ शकली.

आता त्या टेपांकडे येतो, कारण बोट तिथेच आहे. नीट बघा, रिळांच्या खाली दोन उभ्या खाचा आहेत. त्या व्हॅक्यूम कॉलम. भरलेलं रीळ जड, त्याला झटक्यात सुरू-बंद करायला गेलं तर फीत तुटणार. म्हणून रिळातून आधी थोडी ढिली फीत सोडून ठेवायची, खालून हवा ओढून तिचा वळसा त्या खाचेत झुलता ठेवायचा. वाचणाऱ्या हेडपाशी फीत काही मिलिसेकंदांत पळते आणि थांबते, जड रीळ आपल्या सवडीने मागून फिरतं. सिनेमात रिळं मध्येच झटका देऊन फिरताना दिसतात ना, ते याच्यामुळे. मागच्या बाजूला प्लॅस्टिकचं एक कडं बसवलं असेल तरच टेपवर लिहिता यायचं. 'रिंग नाही तर रायटिंग नाही', हे पहिल्या दिवशी शिकवलेलं वाक्य.

पण फीत थांबते-सुरू होते म्हणजे मध्ये कोरी जागा सोडावी लागते. १६०० बाइट प्रति इंच या घनतेला ती जागा ०.६ इंच. एका कार्डाचे ८० बाइट टेपवर किती जागा घेणार? इंचाचा विसावा भाग. नवशिका प्रोग्रॅमर एकेक कार्ड सुटं लिहायचा, म्हणजे इवलासा मजकूर आणि त्याच्या १२ पट रिकामी फीत. २४०० फुटांचं रीळ ४४ हजार कार्डांत संपायचं. तेच १००-१०० कार्डांचे गठ्ठे करून लिहिली तर त्याच रिळावर ५ लाखांवर मावायची. आम्ही ऑपरेटर लोक प्रोग्रॅमरची हुशारी यावरून जोखायचो. ज्याच्या जॉबला रात्रीतून सारखी नवी रिळं चढवावी लागायची, त्याच्याबद्दल काय बोललं जायचं ते इथे लिहीत नाही.

डिस्कबद्दल थोडक्यात. पहिली १९५६ची, रॅमॅक नावाच्या मशीनची. दोन-दोन फुटी ५० तबकड्या आणि त्यांच्यामधून वर-खाली करणारा एकच हात. ५० लाख अक्षरं. १९८०च्या ३३८० या डिस्कच्या एका कपाटात अडीच गिगाबाइट. फोटोतली डिस्कची कपाटं धुण्याच्या यंत्रासारखी दिसतात आणि 'हे काय, कपडे धुवायला?' हा विनोद मी आजवर किमान शंभरदा ऐकलाय.

उजव्या कोपऱ्यात जे आहे, ते माझं लाडकं. १४०३ लाइन प्रिंटर. १४०१बरोबर आला आणि नंतर ३६०लाही जोडला गेला. अक्षरांची साखळी कागदासमोरून आडवी पळत असते, कागदाच्या मागे ओळीने १३२ हातोड्या. हवं ते अक्षर समोर आलं की नेमक्या त्या क्षणी हातोडी बसते. सुरुवातीचा वेग मिनिटाला ६०० ओळी, पुढच्या एन-१ मॉडेलचा ११००. मजकूर बदलला की आवाज बदलायचा. पाठ वळवून बसलो तरी कुठला रिपोर्ट चाललाय ते कळायचं. विशिष्ट ओळी छापून याच्यावर गाणी वाजवणारे बहाद्दरही होऊन गेले.

या एन-१ला एक खोड होती. कागद संपला की झाकण आपोआप वर उचललं जायचं. ऑपरेटरचं लक्ष जावं म्हणून केलेली सोय. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे तीनच्या सुमाराला, मी असेम्बलर भाषेतल्या प्रोग्रॅमचा एक डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, त्या झाकणावर ठेवला. सपाट, ऐसपैस जागा, मोह होणारच. दीडेक हजार कार्डं. रबर बँड काढलेला. कागद संपला, झाकण राजाच्या थाटात उठलं, आणि कार्डं पत्त्यांसारखी जमिनीभर.

डेकच्या कडेवर कुणीतरी स्केचपेनने तिरकी रेघ मारलेली होती, पण ती रेघ जुळवत बसलो असतो तर पाळी संपली असती. वाचवलं ते ७३ ते ८० या रकान्यांनी. कार्डाचे शेवटचे आठ रकाने प्रोग्रॅम वाचतच नसे, तिथे अनुक्रमांक पंच करून ठेवायची पद्धत होती. कोपऱ्यात कार्डं आकड्यांप्रमाणे वेगळी करणारा सॉर्टर होता, मिनिटाला हजार कार्डं, एका वेळी एकच रकाना. मी अर्थात डावीकडच्या सगळ्यात मोठ्या आकड्यापासून सुरुवात केली आणि ढिगांचे ढीग करून बसलो. पाळीवरचे ज्येष्ठ ऑपरेटर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "शाळेत काय शिकलास? एकं, दहं, शतं. तसंच जायचं." आधी एकंचा रकाना, सगळी कार्डं क्रमाने परत एकत्र, मग दहंचा, मग शतंचा, असं पुढे. शेवटच्या फेरीनंतर डेक आपोआप लागलेला. का लागतो ते मला दोन दिवसांनी अंघोळ करताना कळलं. ओरडले नाहीत ते. फक्त प्रिंटरच्या झाकणाकडे बघून म्हणाले, "इथे देवाची मूर्तीसुद्धा ठेवायची नाही."

कार्ड रीडर पुढे भंगारात गेले, तसे प्रिंटरही. मेनफ्रेमचा प्रोसेसर एके काळी पाण्याने थंड करावा लागायचा, तो १९९०च्या दशकात नेहमीच्या कॉम्प्युटरांत असतात तसल्या साध्या सीमॉस चिपांवर आला. आताचं मेनफ्रेम इतर सर्व्हरांसारख्याच १९ इंची कपाटात बसतं. पण त्याच्या पोटातली भाषा बघा. १९६०च्या दशकात ह्यूस्टनच्या नासा केंद्रात मोठ्या मशीनची कार्डं आणि छपाई सांभाळायला हॅस्प नावाचा प्रोग्रॅम लिहिला गेला. १४०१चं ते वरकाम सॉफ्टवेअरमध्ये आणलं, असंच म्हणा ना. त्याचा वंशज आजही झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जॉब सांभाळतो आणि त्याचा प्रत्येक संदेश डॉलरच्या खुणेपुढे 'हॅस्प' लिहूनच सुरू होतो. जॉबच्या ओळी अजून ८० अक्षरांच्याच.

एका मेनफ्रेमच्या पोटात अनेक आभासी मशीनं चालवणारी झेड/व्हीएम नावाची सिस्टिम आहे. मध्यंतरी एका तरुण इंजिनिअरने मला तिच्यावरच्या त्याच्या अशा व्हर्च्युअल मशीनची नोंद दाखवली. प्रत्येकाला तिथे एक कार्ड रीडर, कार्डाला भोकं पाडणारा एक पंच आणि एक प्रिंटर मिळतो. नुसता कागदावरचा, नव्हे, कागदावरचाही नाही. त्यातल्या एका ओळीवर कर्सर ठेवून तो म्हणाला, "काका, हे सगळीकडे असंच कॉपी केलेलं असतं. स्पूल, ०००ई, १४०३. हा १४०३ काय आहे?"

मी काचेखालचा फोटो त्याच्याकडे सरकवला आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. झाकण उघडंच आहे त्यात.