अ‍ॅक्रिलिकने नखं खराब होतात का? ज्या घाबरतात त्यांच्यासाठी

नवीन क्लायंट आली की डिझाइनचा फोटो दाखवायच्या आधीच विचारते, "ताई, माझी नखं खराब तर नाही ना होणार?" बहिणीची झाली होती, मैत्रिणीची कागदासारखी पातळ झाली होती, असं काहीतरी प्रत्येकीने ऐकलेलं असतंच. आणि ते खोटं नसतं हो, फक्त दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे कृत्रिम नखं करायचं साहित्य, एक लिक्विड आणि एक पावडर, ब्रशवर दोन्हीचा छोटा गोळा करून नखावर बसवायचा, काही मिनिटांत तो कडक होतो, लॅम्पसुद्धा लागत नाही. तो नखाच्या वर बसतो, आत जाऊन नख खात वगैरे नाही. आणि नखाला श्वास घेऊ द्या हे जे सगळे सांगतात ना, नख म्हणजे मेलेल्या पेशी, केराटिन, त्याला लागतं ते सगळं मुळाशी रक्तातूनच येतं.

मग वाट लागते कुठे? एक तर ड्रिल, म्हणजे नख घासायचं मशीन. अ‍ॅक्रिलिक धरावं म्हणून नखाची फक्त चकाकी घालवायची असते, बारीक बफर हलक्या हाताने फिरवला की झालं, पण घाईत जड हाताने ड्रिल दाबून धरलं की नखाचेच थर निघतात, क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळ, लाल गोल खुणा दिसतात. नख गरम लागलं किंवा झोंबलं तर लगेच हात मागे घ्या आणि सांगा, लाजू नका, "थोडं सहन करा" असं कोणी म्हणालं तर उठलात तरी चालेल.

पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त नुकसान मी काढताना झालेलं बघते. एक कोपरा उचलला गेला की टीव्ही बघता बघता त्याच्याशी चाळा सुरू, मग ओढून काढायचं, आणि अ‍ॅक्रिलिकसोबत स्वतःच्या नखाचा वरचा थर पण येतो, नीट बघितलंत तर निघालेल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला पांढरट पापुद्रा चिकटलेला दिसेल, ते तुमचं नख आहे! तो थर भरून येत नाही, नख वाढून पुढे जाईपर्यंत थांबावं लागतं, आणि हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं म्हणजे पूर्ण नवीन यायला सहा एक महिने. त्यापेक्षा लांबी कापायची, वरचा जाड थर फाइल करायचा, कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन फॉइल गुंडाळायची आणि २०-३० मिनिटं शांत बसायचं. मऊ झालं की लाकडी स्टिकने अलगद सरकतं, नाही सरकलं तर परत गुंडाळायचं, खरवडायचं नाही.

अ‍ॅसिटोनमध्ये ठेवूनही ढिम्म हलत नसेल आणि करताना वास फारच उग्र आला असेल तर लिक्विड एमएमएवालं (मिथाइल मेथाक्रिलेट हे रसायन असलेलं) असू शकतं. चांगल्या लिक्विडमध्ये ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) असतं. एमएमए स्वस्त पडतं पण इतकं कडक होतं की नख कुठे आपटलं तर अ‍ॅक्रिलिक तुटत नाही, खालचं नखच फाटतं. अमेरिकेत एफडीए या सरकारी अन्न-औषध नियामक संस्थेने १९७० च्या दशकातच शंभर टक्के एमएमए असलेल्या लिक्विडवर कारवाई केली होती, तरी अजून कुठेकुठे वापरतात. म्हणून बाटलीवर काय लिहिलंय ते बिनधास्त विचारा, मला विचारलेलं आवडतं.

रिफिल, म्हणजे नख वाढून मुळाशी पडलेली मोकळी जागा भरणं, दोन-तीन आठवड्यांनी. उचललेल्या जागेत घरचा ग्लू भरू नका प्लीज, आत पाणी अडकतं, बॅक्टेरिया वाढतात आणि नख हिरवं पडतं.

अ‍ॅलर्जी मात्र खरी गोष्ट आहे. ओलं लिक्विड कातडीला लागता कामा नये, आणि नखाभोवती खाज, लाली, सूज आली तर काढून टाकायचं आणि डॉक्टरकडे जायचं. नखाला फंगस असेल किंवा आधीच जखम असेल तर मी स्वतःच नको म्हणते, क्लायंट रुसली तरी.

काढल्यावर नखं मऊ वाटतात त्याने घाबरू नका, जाड नखाची सवय झालेली असते, शिवाय अ‍ॅसिटोनने कोरडी पडतात, रोज रात्री क्युटिकल ऑइल चोळा.

आणि पहिल्यांदाच करताय तर लांबी कमी घ्या. लांब नखाला थोडा धक्का बसला तरी सगळा जोर मुळाशी येतो, आधी हाताला सवय होऊ दे, रिफिलला आलात की वाढवू.