स्क्रीन रीडर लावून लिनक्स बसवणे: माझा अनुभव

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. तो असला की शेजारी कोणी डोळस माणूस न बसवता कोऱ्या संगणकावर लिनक्स बसवता येते. मी बहुतेक वेळा डेबियन हा लिनक्सचा प्रकार बसवते आणि पहिल्या बीपपासून डेस्कटॉपवर लॉगिन होईपर्यंतचे काम एकटी करते. नवख्या दृष्टिहीन माणसाचे घोडे अडते ते शांततेपाशी. आवाज थांबला, की यंत्र अडकले, की इथे बोलणारे कोणी नाहीच, हे त्याला कळत नाही.

त्याचे कारण असे, की लिनक्समध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आवाज सोबत नसतो. संगणकाचे फर्मवेअर, म्हणजे चालू होताच जागा होणारा यंत्रातला मूळ प्रोग्रॅम, मुके असते. बूट मेनू फक्त बीप देतो. इन्स्टॉलरमध्ये कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) स्पीकअप हा रीडर मजकूर उचलतो आणि ईस्पीक हा आवाज तयार करणारा प्रोग्रॅम तो बोलतो. लॉगिनच्या पडद्यावर डेस्कटॉपचा स्क्रीन रीडर, म्हणजे एक ऑर्का चालतो, आत गेल्यावर तुमच्या खात्याचा दुसरा. प्रत्येक ठिकाणचा बोलणारा वेगळा, त्याला सुरू करायचे बटण वेगळे आणि तो गप्प बसण्याची कारणेही वेगळी. ही साखळी पाठ झाली की शांतता ऐकूनच आपण कुठे आहोत ते ओळखता येते.

चाचणी मी दोनदा घेते. पहिली आभासी यंत्रात, म्हणजे संगणकातच प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात. त्याला ४ जीबी मेमरी आणि प्रोसेसरचे किमान २ कोअर द्यावेत. एकाच कोअरवर बोलणे तुटक येते आणि माणूस उगाच ऑर्काला दोष देतो. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर चालू असेल तर इन्सर्ट बटण एनव्हीडीए मधल्या मध्ये पकडतो, आतल्या ऑर्कापर्यंत ते पोचतच नाही. आभासी यंत्राच्या खिडकीत असताना इन्सर्ट, शिफ्ट आणि एस दाबून एनव्हीडीएला त्या प्रोग्रॅमपुरते झोपवावे. या चाचणीतून इन्स्टॉलरचे प्रश्न कोणत्या क्रमाने येतात ते समजते. खऱ्या संगणकाचे साउंड कार्ड बोलेल का, हे मात्र कळत नाही, म्हणून दुसरी चाचणी लाइव्ह, म्हणजे काही न बसवता थेट चालणाऱ्या, पेनड्राइव्हवरून त्याच संगणकावर करावीच.

लाइव्ह डेस्कटॉप सुरू झाला की सुपर, आल्ट आणि एस एकत्र दाबते. सुपर म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेले बटण. जीनोम आणि माटे या दोन्ही डेस्कटॉपांत याच बटणांनी ऑर्का सुरू होतो. मग इन्सर्ट आणि एच दाबून शिकण्याचा मोड सुरू करते. त्यात कोणतेही बटण दाबले की त्याचे नाव आणि काम ऐकू येते, त्यामुळे कीबोर्ड बरोबर ओळखला गेलाय का ते लगेच समजते. टर्मिनल उघडून फाइलींची यादी मागवते. उत्तर आपोआप वाचले गेले पाहिजे. फायरफॉक्समध्ये एच दाबत मथळ्यांवरून फिरते. वायफायचा पासवर्ड टाकून पाहते. हेडफोन काढला की आवाज स्पीकरवर येतो का, लॅपटॉप झोपवून उठवला की बोलणे परत सुरू होते का, या दोन गोष्टी तर कधीच सोडत नाही. पुढे रोज छळतात त्या याच.

लाइव्ह डेस्कटॉपमधला चित्रमय इन्स्टॉलर उघडून डिस्कच्या विभागणीच्या पानापर्यंत जावे, पण तिथे काही पक्के करू नये. बरेच इन्स्टॉलर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालतात. ऑर्का मात्र तुमच्या सत्रातल्या एटी-एसपीआय या दुव्यावरून माहिती घेतो. रूटची खिडकी त्या दुव्याला जोडली गेली नाही, तर ऑर्का फार तर खिडकीचे नाव सांगतो आणि गप्प बसतो. टॅब दाबत प्रत्येक रकाना, प्रत्येक बटण नावासकट ऐकू आले तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. मला स्वतःला डेबियनचा मजकुरी इन्स्टॉलर जास्त भरवशाचा वाटतो. तो प्रश्न वाचतो, पर्यायांना क्रमांक देतो, आपण क्रमांक टाइप करून एंटर दाबायचे. माऊस नाही, चित्र नाही, बिननावाचे बटण नाही. डेबियन ७ च्या, म्हणजे २०१३ च्या आवृत्तीपासून बोलता इन्स्टॉलर नेहमीच्या प्रतिमेतच (उतरवून घ्यायच्या आयएसओ फाइलीतच) मिळतो.

प्रतिमा उतरवल्यावर तिची एसएचए २५६ बेरीज, म्हणजे फाइलीची ओळखखूण, डेबियनने दिलेल्या बेरजेशी जुळवून पाहावी. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलरच्या मध्यावर दगा देते आणि तिथे नेमके काय बिघडले ते ऐकून कळणे कठीण असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. प्रतिमा पेनड्राइव्हवर लिहिणाऱ्या रूफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये विचारणा झाली तर डीडी पद्धत निवडते, म्हणजे प्रतिमा जशीच्या तशी उतरते. व्हेंटॉयसारखी अनेक प्रतिमा ठेवणारी साधने सोयीची खरी, पण त्यांचा स्वतःचा मेनू बोलत नाही, म्हणून या कामाला मी ती वापरत नाही. लिनक्समधूनच डीडी आज्ञेने लिहीत असाल, तर पेनड्राइव्ह लावण्याआधी एकदा आणि लावल्यावर एकदा डिस्कची यादी ऐका. दुसऱ्या यादीत नव्याने आलेले नाव तेवढे तुमचे. इथे एक अक्षर चुकले की भलतीच डिस्क पुसली जाते, आणि डीडी खात्री करायला थांबत नाही.

आता मुक्या फर्मवेअरचा टप्पा. तिथे शिरायचे टाळता येते. संगणकावर विंडोज असेल तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट निवडावे. निळा दुरुस्ती मेनू येतो आणि त्यात कंट्रोल, विंडोज आणि एंटर दाबले की नॅरेटर बोलू लागतो. तिथून ‘यूज अ डिव्हाइस’ निवडून पेनड्राइव्हवर एंटर. हा पर्याय यूईएफआय या नव्या फर्मवेअर पद्धतीच्या संगणकावरच दिसतो. आधीपासून लिनक्स असेल तर ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा बूटच्या नोंदींची यादी देते, आणि तिचा एन हा पर्याय फक्त पुढच्या एका वेळेपुरती नोंद बदलतो. मुक्या पडद्यावर बाण मोजत बसण्यापेक्षा हे फार सुरक्षित आहे. अगदीच आत जावे लागले तर फोनमधल्या मजकूर वाचणाऱ्या ॲपने पडदा वाचावा आणि वाचून झाल्याशिवाय एंटर दाबू नये.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवणार असाल तर दोन कामे आधी. बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलुपाची ४८ अंकी रिकव्हरी की संगणकाबाहेर जपून ठेवा. बूटची व्यवस्था बदलली की तो ती मागू शकतो. आणि विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सोय बंद करून संगणक एकदा पूर्ण बंद करा. नाहीतर विंडोजचा विभाग अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतो आणि इन्स्टॉलर त्याचा आकार बदलायला नकार देतो.

पेनड्राइव्हवरून बूट झाल्यावर जुन्या बायोस पद्धतीत एक बीप येतो, यूईएफआयमध्ये दोन. बीप आला की एस दाबायचे आणि एंटर. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बीप ऐकूच येत नाही. त्याने घाबरू नका. नव्या आवृत्त्यांत कोणतेही बटण न दाबता ३० सेकंद थांबले तरी बोलता इन्स्टॉलर आपणहून सुरू होतो. यूएसबी ब्रेल डिस्प्ले लावलेला असेल तर बीआरएलटीटीवाय हा ब्रेलचा प्रोग्रॅम तो स्वतः ओळखतो. मग नुसते एंटर पुरते.

एकापेक्षा जास्त साउंड कार्डे सापडली, तर इन्स्टॉलर एकेका कार्डावरून बोलतो आणि ज्यातून ऐकू येईल तेव्हा एंटर दाबायला सांगतो. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटरही एक साउंड कार्डच असतो. त्याला स्पीकर नसेल तर त्याच्या वाट्याचा वेळ शांततेत जातो. त्या शांततेत एंटर दाबले की आवाज बिनस्पीकरच्या मॉनिटरकडे गेला आणि पुढचे सगळे मुके झाले. ऐकू येईपर्यंत हात मागे ठेवा.

बोलणे आलेच नाही, तर बहुधा साउंड कार्डाचे फर्मवेअर प्रतिमेत नसते. इंटेलच्या नव्या लॅपटॉपना एसओएफ हे फर्मवेअर लागते. २०२३ च्या डेबियन १२ पासून अधिकृत प्रतिमेत मुक्त नसलेली फर्मवेअर्सही येतात, म्हणून त्याआधीची प्रतिमा वापरूच नये. तरीही गप्प असेल तर छोटे यूएसबी साउंड कार्ड लावा. अशी कार्डे ठरावीक मानक पद्धतीने चालतात, त्यांना सहसा वेगळे फर्मवेअर लागत नाही. एवढ्या वेळा बसवून माझी ठाम सल्ला देण्याजोगी गोष्ट हीच: यूएसबी साउंड कार्ड आणि तारेचा हेडफोन पेनड्राइव्हच्याच पिशवीत ठेवा. ब्लूटूथ हेडफोन या टप्प्यावर उपयोगाचा नाही.

सुरुवातीचा वेग फार संथ असतो. कॅप्स लॉक धरून ६ दाबले की वेग वाढतो, ५ ने कमी होतो. २ ने आवाज मोठा, १ ने लहान. प्रश्नाला सुचवलेले उत्तर मान्य असेल तर नुसते एंटर. मागच्या प्रश्नाकडे जायला ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह टाइप करून एंटर, रिकामे उत्तर द्यायला उद्गारचिन्ह. भाषा इंग्रजीच ठेवा. मजकुरी पडद्याला देवनागरी जोडाक्षरे झेपत नाहीत, आणि मराठी नंतर आरामात जोडता येते.

विभागणीच्या प्रश्नाशी घाई नको. यादीत पेनड्राइव्हसुद्धा डिस्क म्हणूनच येतो, तेव्हा नावापेक्षा आकार ऐका. बदल डिस्कवर लिहायचे का, या शेवटच्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर ‘नाही’ असते. इथे नुसते एंटर दाबले तर काहीच लिहिले जात नाही. ‘हो’चा क्रमांक मुद्दाम द्यावा लागतो.

डिस्क कूटबद्ध करायची का, म्हणजे सांकेतिक वाक्याशिवाय (पासफ्रेजशिवाय) वाचता येणार नाही अशी ठेवायची का, हा इथला खरा कठीण निर्णय. सांकेतिक वाक्य विचारले जाते ते प्रणाली सुरू होण्याच्या अगदी आधी, आणि त्या क्षणी बोलणारे कोणीही जागे नसते. चूक झाली तरी सूचना फक्त पडद्यावर. मी कूटबद्ध करते, पण सुरुवातीला फोनवर वेळ मोजून, भरपूर थांबून टाइप करते, आणि वाक्यात इंग्रजी अक्षरे व अंकच ठेवते, म्हणजे कीबोर्डची मांडणी बदलली तरी चिन्हे इकडची तिकडे होत नाहीत. पहिल्यांदाच बसवत असाल तर कूटबद्धतेशिवाय बसवा, हात बसू द्या.

डेस्कटॉप निवडताना क्रमांक जागा सोडून टाइप करायचे असतात. जुन्या संगणकाला माटे बरा, तो हलका आहे. जीनोम घ्यायचा तर ४८ किंवा पुढचा घ्या. वेलँडवर, म्हणजे डेस्कटॉप पडद्यावर दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेवर, ऑर्काची बटणे, विशेषतः कॅप्स लॉक, आधी त्रास देत. त्या आवृत्तीत ते सुधारले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये हीच आवृत्ती आहे.

पहिल्या रीस्टार्टनंतर लॉगिनच्या पडद्यावर शांतता असली तर बसवणे फसले असे समजू नका. हा पडदा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्यामुळे तुमच्या खात्यात ऑर्का चालू ठेवला म्हणून तो इथे बोलत नाही. जीडीएम (जीनोमचा लॉगिनचा पडदा) असेल तर तेच सुपर, आल्ट आणि एस. माटेबरोबर येणाऱ्या लाइटडीएममध्ये एफ ४. कायमचे सुरू ठेवायला जीडीएमच्या डीकॉन्फ डिफॉल्ट या सेटिंगच्या फाइलीत स्क्रीन रीडर चालू असल्याची ओळ घालावी. लाइटडीएमच्या ग्रीटर फाइलीत सुलभतेच्या अवस्थेसमोर अधिक चिन्ह आणि रीडर, आणि खालच्या ओळीत रीडर म्हणून ऑर्का.

आत आल्यावर इन्सर्ट आणि स्पेस दाबून ऑर्काच्या पसंती उघडतात. इन्सर्ट बटण नीट नसलेल्या लॅपटॉपवर तिथेच लॅपटॉप मांडणी निवडली की ऑर्काचे बटण कॅप्स लॉक होते. आवाजाच्या पानावर ईस्पीक एनजी आणि भाषा मराठी निवडता येते. हा आवाज यांत्रिक आहे, पण वेग वाढवला तरी शब्द फुटत नाहीत. टर्मिनलमधून एसपीडी-से या बोलून दाखवणाऱ्या आज्ञेला भाषा मराठी सांगून एखादे वाक्य बोलायला लावले, तर मराठी आवाज खरोखर बसलाय की नाही ते ऑर्काविना तपासता येते.

डेस्कटॉप अचानक मुका झाला तर हीच आज्ञा बिघाड शोधायला कामी येते. एसपीडी-से बोलतो आणि ऑर्का बोलत नाही, म्हणजे ऑर्का पडलाय. सुपर, आल्ट, एस दोनदा. दोन्ही गप्प, पण गाणे वाजते, तर मजकूर आवाजाकडे पोचवणारा स्पीच डिस्पॅचर अडकलाय; त्याची प्रक्रिया मारली की पुढच्या बोलण्याला तो पुन्हा उठतो. गाणेही वाजत नसेल तर ईस्पीकअप पाहा. मजकुरी कन्सोलवर बोलणारी ही सेवा साउंड कार्ड थेट धरून ठेवू शकते, मग डेस्कटॉपचा आवाज सांभाळणाऱ्या पाइपवायरला ते मिळत नाही. ती सेवा थांबवली की आवाज परत येतो. मी ती काढून मात्र टाकत नाही, कारण डेस्कटॉप पूर्ण कोसळला तर कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ दाबून ज्या कन्सोलवर जायचे, तिथे बोलणारी तीच एक असते.

रूटच्या अधिकाराने उघडणाऱ्या खिडक्यांचा त्रास इथेही राहतो, म्हणून सॉफ्टवेअर मी टर्मिनलमधून एपीटी या आज्ञेनेच बसवते. सगळे लागल्यावर संगणक पूर्ण बंद करते, हेडफोन काढते आणि कोऱ्या सुरुवातीपासून लॉगिन करून पाहते, असे तीनदा. तिन्ही वेळा लॉगिनचा पडदा आपणहून बोलला की मगच पेनड्राइव्ह बाजूला ठेवते. तो पुसत मात्र नाही, त्याच्या बोलत्या मेनूत दुरुस्तीचा मोडही असतो.