आमची वाटचाल: आधी तपासणी, मग खरेदी

आम्ही दोघा भागीदारांनी हा व्यवसाय सुरू केला तेव्हा विंडोज एक्सपी नवीन होतं. काम सरळ होतं. सुटे भाग आणायचे, संगणक जोडायचा, सीडी घालायची, ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, टाकायचे आणि पोचवून द्यायचं. ग्राहकाचं सांगणंही एवढंच असे, "जरा विंडोज मारून द्या." ती प्रत कुणाच्या नावावर, किती संगणकांवर चालते, हे विचारणारा विरळा. आपणहून सांगणारा तर त्याहून विरळा, कारण ओरिजिनलचा विषय काढला की गिऱ्हाईक दुसरीकडे जाई. आमचीही काही गेली.

पण २००१ साली आलेल्या एक्सपीने सुट्या प्रतींना ॲक्टिव्हेशन, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून परवान्याची खातरजमा, सक्तीचं केलं होतं आणि त्याचा अर्थ आमच्या टेबलावर हळूहळू कळत गेला. प्रोसेसर, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, मेमरी अशा भागांवरून संगणकाची एक खूण तयार व्हायची आणि परवाना तिला बांधलेला असायचा. एखाददुसरा भाग बदलला तर हरकत नसे. बरेच बदलले की पुन्हा ॲक्टिव्हेट करा. त्यातही नेटवर्क कार्ड तेच ठेवलं तर बाकी बदलांना जास्त सूट मिळे, म्हणून चालू स्थितीतलं नेटवर्क कार्ड आम्ही उगाच काढत नसू. म्हणजे हार्डवेअरची दुरुस्ती आणि परवाना ही दोन वेगळी कामं उरलीच नव्हती. आमचा पुढचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

त्या काळात निम्मा वेळ ड्रायव्हर शोधण्यात जाई. विंडोजमधल्या भागांच्या यादीत, म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये, पिवळं उद्गारचिन्ह, खोक्यावरचं नाव एक आणि आतली चिप भलतीच. मग खोका बाजूला ठेवून हार्डवेअर आयडी वाचायची सवय लावली. त्यात उत्पादकाचा आकडा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १०ईसी म्हणजे रिअलटेक. पुढे त्या चिपचा स्वतःचा आकडा. हे दोन मिळाले की अंदाजाने ड्रायव्हर टाकून बघण्याचा खेळ संपतो. नवीन मुलाला आम्ही आजही पहिलं हेच शिकवतो, स्क्रू ड्रायव्हर नंतर.

२००७ साली व्हिस्टा आलं आणि चांगले चालणारे प्रिंटर, स्कॅनर एका झटक्यात निकामी ठरायला लागले. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची रचनाच बदलली होती. ६४ बिट आवृत्तीत तर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही असल्याशिवाय तो घेतलाच जाईना. यंत्र धडधाकट, पण उत्पादकाने जुन्या मॉडेलसाठी नवा ड्रायव्हर काढला नाही की खेळ खलास. तेव्हापासून आम्ही म्हणू लागलो, आधी तपासू, मग घ्या. लोकांना सल्ला हवा असे, पण सल्ल्याचं बिल नको असे.

ते बिल पहिल्यांदा मिळालं एका कार्यालयाकडून. सगळे संगणक एकदम बदलायचे होते, ऑर्डर जवळपास निघाली होती. आम्ही एकच नमुना मागवला आणि त्याला त्यांचं एकूण एक उपकरण जोडून पाहिलं. बाकी सगळं चाललं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे परवाना पटवणारी जोडकिल्ली, अडला. तो प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला लावायचा आणि नव्या संगणकाला ते पोर्टच नव्हतं. यूएसबीवरून पॅरलल करणारी केबल लावली, डोंगल दिसेना, कारण असल्या केबल्स फक्त प्रिंटरपुरत्या असतात. मग पॅरलल पोर्टचं कार्ड बसवलं. तरीही नाही. सॉफ्टवेअर डोंगलला ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर शोधत होतं आणि कार्डाला पत्ता मिळाला होता दुसराच. शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांकडून यूएसबी डोंगल बदलून घेतला आणि तो हातात पडेपर्यंत ऑर्डर थांबवली. परवाना त्या ग्राहकाच्या नावावर व्यवस्थित होता. तो बसवायला जागा नव्हती, एवढंच!

त्यानंतर यंत्रांची वही सुरू झाली. आता ती स्प्रेडशीट आहे, पण नाव वहीच राहिलं. एका ओळीत एक संगणक: मदरबोर्ड, प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, जोडलेली उपकरणं आणि त्याच ओळीत परवान्याचा प्रकार. हा शेवटचा रकाना सर्वात जास्त भांडणं मिटवतो. ओईएम, म्हणजे उत्पादकाने घालून दिलेला, परवाना संगणकाबरोबर येतो आणि मदरबोर्डला चिकटलेला राहतो. बोर्ड बिघडला म्हणून बदलला तर तो टिकतो, वेग वाढवायला बदलला तर नवा संगणक धरतात. रिटेल, म्हणजे सुटा विकत घेतलेला, परवाना जुन्यावरून काढून दुसरीकडे नेता येतो. पूर्वी खोक्यावर स्टिकर असे, त्यावरचे आकडे पुसून जात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, मोठ्या उत्पादकांच्या संगणकात परवान्याची की फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्येच, असते, ते बरं झालं.

जुने लॅपटॉप घेणाऱ्यांना आमचा एक आग्रह असतो. 'ॲक्टिव्हेटेड' एवढ्या शब्दावर जाऊ नका. विंडोजची slmgr /dlv ही आज्ञा चालवली की परवाना कुठल्या मार्गाने आला ते दिसतं. तिथे व्हॉल्यूम केएमएस लिहिलेलं असेल तर तो आधीच्या कार्यालयाच्या सर्व्हरवरून मिळालेला आहे. त्या सर्व्हरशी गाठ पडली नाही की १८० दिवसांनी ॲक्टिव्हेशन जातं. विकणारा तोवर कुठला सापडायला!

फुकट सॉफ्टवेअरचीही तीच तऱ्हा. एका संगणकात दुसरा चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोकळा आहे, पण त्याच्या जादा सोयींच्या एक्स्टेन्शन पॅकचा फुकट परवाना व्यवसायातल्या वापरासाठी नाही. हे बहुतेकांना आम्हीच पहिल्यांदा सांगतो आणि आमच्याकडे संशयाने पाहिलं जातं. जुन्या संगणकांवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स देतो, मनापासून देतो. मात्र आधी उपकरणांची यादी बघतो आणि न चालणारं एकही असेल तर तसं लिहून देतो.

विंडोज ११ ने आम्हाला भरपूर काम दिलं. टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग हवा, सुरू होताना खातरजमा करणारं सिक्युअर बूट हवं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. 'अपात्र' म्हणून आलेल्या संगणकांपैकी कित्येकांत टीपीएम होतंच, बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. त्याला हात लावण्याआधी डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्यायची, हा आमच्याकडे न मोडणारा नियम आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधून, पळवाट काढून ११ टाकून द्या म्हणणारे बरेच आले. घरच्या खेळापुरतं कुणी स्वतः करत असेल तर करो. कार्यालयाच्या संगणकावर आम्ही ते करत नाही, मग काम हातचं गेलं तरी.

सध्या टेबलावर एका ग्राहकाचा एआरएम, म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळ्या घडणीच्या, प्रोसेसरचा नमुना लॅपटॉप आहे. नेहमीचे प्रोग्राम अनुकरणाने (इम्युलेशनने) ठीक चालले. ड्रायव्हरचं मात्र तसं भागत नाही, तो एआरएमसाठीच बनवलेला लागतो आणि त्यांच्या स्कॅनरचा तसा मिळालेला नाही. स्कॅनरच्या उत्पादकाला विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत बाकीच्या लॅपटॉपची ऑर्डर देऊ नका, असं ग्राहकाला कळवलं आहे.