टाकीतली हवा: 22 लिटरवरून 16 वर

स्कूबा डाइव्हनंतर गेजवर, म्हणजे टाकीतला दाब दाखवणाऱ्या काट्यावर, 60 बार उरले की 90, एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण खोली किंवा टाकी बदलली की तुलना फसते. म्हणून मी आधी पृष्ठभागावर मिनिटाला मला किती लिटर हवा लागते तो आकडा काढला. 10 मीटरवर नेहमीच्या वेगाने 10 मिनिटं पोहायचं, आधीचं आणि नंतरचं गेज वाचायचं. मला 40 बार लागले. अ‍ॅल्युमिनियमची नेहमीची टाकी 11.1 लिटरची, म्हणजे 444 लिटर. त्याला 10 मिनिटांनी भागलं, मग 2 ने, कारण 10 मीटरवर एकूण दाब 2 बार असतो. उत्तर 22.

पहिलं वाचन मी पाण्यात चार-पाच मिनिटं गेल्यावरच घेते. होडीवर उन्हात 50 अंशांपर्यंत तापलेली 200 बारची टाकी 28 अंशांच्या पाण्यात एक श्वासही न घेता 186 बारवर येते.

हा आकडा खाली आणायचा म्हटलं की सगळे श्वासाबद्दल बोलतात. माझा सगळ्यात मोठा फरक शिशाने, म्हणजे खाली जाण्यासाठी अंगावर बांधायच्या वजनाने, पडला. तपासणी डाइव्हच्या शेवटी करायची: टाकीत 50 बार, खोली 5 मीटर, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) पूर्ण रिकामं, श्वास संथ. अशा वेळी पाय न हलवता स्थिर राहता आलं पाहिजे. खाली जात असाल तर पुढच्या डाइव्हला एक किलो काढा आणि पुन्हा बघा. भरलेल्या टाकीवर हीच तपासणी केली तर, वापरल्या जाणाऱ्या 150 बार हवेचं वजन दोन किलो असतं, तेवढं शिसं जास्तीचं धरावं लागतं. ते धरलं नाही तर सेफ्टी स्टॉपला (वर येताना 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा) माणूस वर खेचला जातो.

तीन किलो शिसं जास्त असेल तर ते पेलायला बीसीडीत तीन लिटर हवा भरावी लागते. 20 मीटरवर त्यासाठी पृष्ठभागाच्या हिशेबाने 9 लिटर खर्च होतात, टाकीतला एक बारसुद्धा नाही. खरी हवा जाते ती तिरक्या शरीरामुळे. शिसं कमरेला, फुगलेलं बीसीडी छातीशी, त्यामुळे पाय खाली लोंबतात. मग प्रत्येक फटका पुढे कमी आणि वर जास्त ढकलतो, आणि वर जाऊ नये म्हणून सारखी बीसीडीची बटणं दाबावी लागतात. थोडं शिसं टाकीच्या पट्ट्यावर सरकवलं की अंग आडवं होतं.

वेगाचंही तसंच. पाण्यात वेग दुप्पट केला तर ताकद साधारण आठपट लागते. प्रवाह असेल तर खडकाच्या आडोशाने जायचं, आणि धाप लागली तर आधी थांबायचं.

श्वास आत चार-पाच सेकंद, बाहेर सहा-सात. मध्ये रोखायचा नाही. रोखून हवा वाचत नाही; कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं दुखतं आणि पुढे धाप आणखी वाढते. वर येताना रोखलेला श्वास फुप्फुस फाडू शकतो.

होडीवरच रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं उपकरण) जोडून टाकीचा व्हॉल्व्ह उघडते, पुन्हा बंद करते आणि तीन मिनिटं काटा बघते. उतरला तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरच्या जोडावरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडून चार श्वास घ्यायचे. श्वासागणिक काटा डुलला तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला आहे.

आता माझा आकडा 16 आहे. 18 मीटरवर 200 ते 70 बार या पल्ल्यात 22 ला सुमारे 23 मिनिटं मिळतात, 16 ला 32.

खालची सीमा 70 का? 18 मीटरवर बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा संपली तर दोघं माझ्याच टाकीवर, घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला 30 लिटर. सावरायला एक मिनिट, 168 लिटर. मिनिटाला 9 मीटरने 5 मीटरपर्यंत चढायला 190च्या आसपास. तीन मिनिटांच्या स्टॉपला 270. एकूण 630 लिटर, म्हणजे 57 बार. वरच्या शेवटच्या टप्प्याला आणि गेजच्या चुकीला बाकीचे. 50 बारचा सर्वसाधारण नियम एकट्याला पुरतो, दोघांना या खोलीवर पुरत नाही. 25 मीटरचा हिशेब वेगळा येतो. तो मी डाइव्हआधी स्लेटवर (पाण्यात नेता येणाऱ्या पाटीवर) मांडते, आणि परतीचा आकडा बडीला दाखवूनच उतरते.