शब्दांचा दर

आज एका नव्या कामाचा करारनामा हाती आला आणि दिवसाचा बराच वेळ त्यातल्या एकाच कलमावर गेला. मानधन शब्दसंख्येवर मोजले जाईल, असे ते कलम सांगते. वरवर पाहता यात वावगे काही नाही. जितके काम तितका मोबदला. पण पहिला खर्डा हातावेगळा झाल्यानंतर लेखनाचे जे खरे काम सुरू होते, ते बहुतांशी काट मारण्याचे असते: तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणारी वाक्ये काढायची, विषयाला हात घालण्यापूर्वी घुटमळणारे परिच्छेद उडवायचे, तीन विशेषणांतले एकच ठेवायचे. शब्दांवर दर ठरला की यातली प्रत्येक काट लेखकाच्या खिशातून जाते. १२०० शब्दांचा लेख ८०० शब्दांवर आला की लेख सुधारतो आणि त्याच क्षणी उत्पन्न एक तृतीयांशाने घटते. ज्या व्यवस्थेत पाल्हाळाला पैसे मिळतात तिच्यात नवशिक्याने फार काळ राहू नये, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

अर्थात या दराची एक बाजू लेखकाच्या सोयीचीही आहे. लेख मान्य झाल्यावर ‘आणखी एक मुद्दा जोडा’ असे सांगणाऱ्या संपादकाला त्या जोडकामाचे पैसे मोजावे लागतात. ठोक रकमेच्या करारात ही वाढ फुकटात जाते, म्हणून तिथे पुनर्लेखन किती वेळा करून द्यायचे हे आधीच लिहून घ्यावे लागते.

करारनामा बाजूला ठेवून सरावाला बसलो. बेंजामिन फ्रँकलिन आपल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत असताना स्वतःला लिहायला कसे शिकवत होते, याची हकिकत त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. आवडलेल्या नियतकालिकातला एखादा निबंध घ्यायचा, त्यातल्या एकेका वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस जाऊ द्यायचे, मग मूळ न पाहता त्या टिपणांवरून सगळा निबंध स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि शेवटी मुळाशी ताडून पाहायचा. पुढे ते ही टिपणे मुद्दाम विस्कटून टाकत आणि काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावण्याचा प्रयत्न करत. यासाठी त्यांना रात्रीचा, पहाटेचा किंवा रविवारचा वेळ मिळे, कारण दिवस छापखान्याचा होता.

या पद्धतीतला टिपणे विस्कटण्याचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाक्यरचना कानाने सुधारते, वाचनाने सुधारते, कोणी खुणा करून दिल्या तरी सुधारते. मांडणीचा क्रम मात्र स्वतः लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. संपादकाकडून परत येणाऱ्या लेखांत वाक्ये सहसा बरी असतात. वाचकाला ज्यासाठी थांबवायचे ती गोष्ट चौथ्या परिच्छेदात दडलेली असते, किंवा कारण कळण्याआधीच परिणाम येऊन गेलेला असतो. आज मी एका जुन्या निबंधाची टिपणे विस्कटली होती. त्यांचा क्रम लावताना लक्षात आले की मूळ लेखकाने आपल्या म्हणण्यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप मध्यावर आणून ठेवला होता; मी तो शेवटी ढकलला आणि सगळा निबंध बचावाच्या सुरात बोलू लागला. या तासाचे मानधन कोणी देत नाही, आणि देऊही नये, नाहीतर त्यालाही शब्दमर्यादा लागेल.

उदरनिर्वाहाच्या बाबतीत मला एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांचा हिशेबीपणा अधिक उपयोगी वाटतो. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून ते पहाटे साडेपाचपासून लिहायला बसत आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द स्वतःकडून वसूल करत. त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ही शिस्त आणि पुस्तकागणिक मिळकतीचा तक्ता दोन्ही आले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. माझ्या दृष्टीने त्यांचा खरा धडा त्या घड्याळात नाही. १८६७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, ती मुदतीआधी निवृत्त झाल्यामुळे बुडणाऱ्या निवृत्तिवेतनाइतके उत्पन्न साठवलेल्या पैशांतून मिळेल अशी तजवीज झाल्यावर. तोवर बऱ्याच लोकप्रिय कादंबऱ्या त्यांच्या नावावर होत्या, तरीही त्यांनी लोकप्रियतेला पगार मानले नाही.

संध्याकाळी करारनामा पुन्हा उघडला. लेख पुढे पुस्तकात आल्यास ‘दहा टक्के स्वामित्वधन’ (रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा) मिळेल, असे त्यात आहे. कशाच्या दहा टक्के, हे मात्र नाही. छापील किमतीवर आणि प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर यांत मोठे अंतर असते: विक्रेत्यांना निम्मी सूट दिली गेली, तर दुसऱ्या हिशेबात लेखकाचे दहा टक्के प्रत्यक्षात पाचच उरतात. आगाऊ रक्कम मिळणार असली तरी ती याच स्वामित्वधनातून वळती होते, त्यामुळे तिला वेगळी कमाई समजण्यात अर्थ नाही. हक्कांच्या कलमात ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ असे शब्द आहेत. एका अंकात एकदा छापण्यासाठी एवढे मागण्याचे कारण मला दिसत नाही.

म्हणून उत्तरात चार गोष्टी कळवल्या आहेत. मानधन संपूर्ण लेखाचे ठोक असावे, पुनर्लेखन दोनदाच करून मिळेल, रक्कम लेख छापून येण्यावर न ठेवता तो स्वीकारल्यापासून तीस दिवसांत द्यावी, आणि हक्क प्रथम प्रकाशनापुरतेच दिले जातील. यातली तिसरी अट ते बहुधा नाकारतील. पहिलीवर मात्र मी मागे हटणार नाही.