कासच्या पलीकडचे धनगरवाडे

यवतेश्वरचा घाट चढून आलेल्या बहुतेक गाड्या साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावरच थांबतात. सप्टेंबरात तर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही तसेच पुढं बामणोलीच्या अंगाला गेलो आणि ओळखीच्या एका मामांबरोबर त्यांच्या गवळी धनगरांच्या वाड्यावर चढलो.

घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. एका बाजूला म्हशी, दुसऱ्या बाजूला चूल. पावसाळ्यात म्हसरांची ऊब माणसांनाही लागते, असं मामा म्हणाले. शेजारच्या आजींनी ताक दिलं आणि बोलता बोलता आम्हाला देवराईत नेलं. दाट सावली, शेंदूर लावलेला दगड, आजूबाजूला कुजणाऱ्या वाळक्या फांद्या. एवढा सरपणाचा मोह असून एकही काटकी कुणी उचललेली नाही. "देवाचं हाय ते, हात लावायचा न्हाय," आजी म्हणाल्या.

याच माणसांना आज इथं राहण्याचा हक्क कागदावर सिद्ध करावा लागतो, याचा मला राग येतो. गवळी धनगर अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. त्यामुळं २००६ च्या वनहक्क कायद्यात ते 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतात, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, इथल्या वास्तव्याचा पुरावा त्यांच्याकडं मागितला जातो. म्हशींमागं रानोमाळ फिरलेल्या माणसानं १९३० चा कागद कुठून आणायचा?

पण त्याच कायद्याच्या नियमांत एक वाट आहे. देवराई, पवित्र झाडं, स्मशानभूमी, परंपरेची चराईची जागा हे सामूहिक हक्काचे पुरावे धरले जातात. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे देवराई तुटली, तर श्रद्धेबरोबर हक्काचा दाखलाही जातो.

२०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं, तेही नैसर्गिक वारसा म्हणून. पिढ्यानपिढ्या सड्यांवर, म्हणजे या कातळी पठारांवर, म्हशी चारणाऱ्यांचं नाव त्यात कुठं आहे? चराई थांबली की उंच गवत माजून बारकी फुलं झाकली जातात, हे काही अभ्यासकही सांगतात.

उतरताना मामांशी हेच बोलणं झालं. एकाच पुराव्यावर भागत नाही, एकाहून जास्त लागतात. देवराईची आणि चराईची हद्द नकाशावर दाखवायची, आजींचा जबाब लिहून घ्यायचा आणि दोन्ही ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढं ठेवायचं. आजींचं वय बघता पहिला नंबर जबाबाचा.