बर्फापासून ऐंशी पावलं

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मोंटानाच्या ग्लेशियर नॅशनल पार्कात लोक हिमनद्या पाहायला येतात. मी बाबांना घेऊन गेले ते जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या किड्यासाठी. लेडनिया टुमाना, स्टोनफ्लायची (वाहत्या थंड पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची) एक दुर्मीळ जात.

लोगन पास या खिंडीतून पूर्वेला थोडं उतरलं की रस्त्यालगत लंच क्रीक लागतो. या ओढ्याच्या वरच्या भागात ही जात सापडल्याची नोंद आहे. गाडी लावली आणि काठाकाठाने वर चढलो. बाबांनी पाण्यात हात घातला नि झटकन काढला. "अगं, बोटं बधिर झाली!"

"दगड मात्र उलटू नका, बाबा. त्यांच्याखालीच पिल्लं असतात."

पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला. "पाणी येतं कुठून?"

सगळी मेख तिथेच आहे. या किड्याची पिल्लं वाढतात ती वितळत्या बर्फाच्या किंवा थंडगार झऱ्यांच्या पाण्यात, उगमापासून सहसा काहीशे मीटरच्या आत. खाली पाणी तापतं, तिथे ती मिळत नाहीत. म्हणजे नकाशावर या जातीचा प्रदेश मोठा दिसला तरी खरं घर म्हणजे डोंगरमाथ्याजवळच्या तुटक, अरुंद पट्ट्या. १८५० च्या सुमारास इथे ऐंशीच्या आसपास हिमनद्या होत्या. २०१५ च्या मोजणीत २६ उरल्या. बर्फ मागे सरकतो तशी ही पट्टी वर सरकते, आणि डोंगर तर कुठेतरी संपतोच. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने या जातीला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. मला ते उशिराचं वाटतं. एक आशा आहे: दगडगोट्यांच्या ढिगांखाली दडलेला बर्फ उघड्या बर्फापेक्षा सावकाश वितळतो, आणि त्यातून झिरपणारे ओहोळ थंड राहतात. तिथेही ही जात सापडली आहे.

बर्फाच्या कडेजवळ एका ओल्या दगडावर काळपट तपकिरी किडा चालताना दिसला. पंख पाठीवर सपाट मिटलेले. उडण्यापेक्षा चालण्याकडेच कल. लेडनियाच की तिची जातभाई, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. तरी मी श्वास रोखून बसले. बाबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, मग उठले आणि दगडापासून बर्फापर्यंत पावलं मोजत गेले.

"ऐंशी," ते वरून ओरडले. "लिहून ठेव. पुढच्या खेपेला परत मोजू."